वहिनीच्या केसपेपरवर आईचंही बीपी

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, वहिनी गरोदर आहे, तर तिच्या डॉक्टरांना तुझ्या बाळंतपणातल्या बीपीचंही सांगा म्हटलं, तेव्हा तू फोनवर विचारलंस, "दादाच्या वेळी माझं बीपी वाढलं होतं, त्याचा सुनेशी काय संबंध?" संबंध आहे, दादामार्फत.

बाळाला पोसणारी वार आईच्या पोटात असली तरी बनते बाळाच्या पेशींची, म्हणजे तिच्यात निम्मी जनुकं दादाची. वार गर्भाशयात नीट रुजली नाही की तिच्यातून एक प्रथिन जास्त सुटतं. ते रक्तवाहिन्या धड ठेवणारे घटक अडवून धरतं. मग बीपी चढतं, लघवीतून प्रथिन जातं. गरोदरपणातल्या या आजाराला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. 2017 मध्ये या आजाराशी जोडलेला जनुकीय दुवा सापडला, तो बाळाच्या 13व्या गुणसूत्रावर, याच प्रथिनाच्या जनुकाजवळ. त्याआधी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटात दिसलं होतं, की अशा बाळंतपणात जन्मलेल्या मुलग्यांच्या बायकांना हा त्रास होण्याची शक्यता साधारण दुप्पट. दुप्पट म्हणजे होणारच असं नव्हे. एकच जनुक दोषी नसतं, म्हणून जनुकांच्या महागड्या तपासणीत पैसे घालू नका.

वहिनीला तेरावा आठवडा लागलाय. या खेपेला डॉक्टरांना हे सगळं सांगा, वहिनीच्या आईचं आणि बहिणीचंही विचारून घ्या. डॉक्टरांना धोका वाटला तर रात्री घ्यायची कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतील, बहुतेक 75 ते 150 मिलिग्रॅम. ती 16 आठवड्यांच्या आत सुरू झाली तर उत्तम. आपल्या मनाने सुरू करायची नाही, बंदही नाही.

बाबा, मशीन तुमच्या हाती. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, दंड छातीच्या उंचीला ठेवून मोजा. मोजताना बोलायचं नाही. पट्टा दंडाला घट्ट झाला तर आकडा खोटा वर जातो. 140/90 आलं तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा, तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 160/110 आलं, किंवा डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं यांतलं काही झालं, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि आई, तिला आळणी जेवण नको. मीठ तोडल्याने हे टळत नाही. तांबडा रस्सा बेताने चालेल. मशीन काढलंच आहे तर तुझंही मोजून घे; त्या वेळी बीपी वाढलेल्या बायकांना पुढे बीपी आणि हृदयाचा त्रास जास्त होतो.

दादाच्या जन्माचे कागद लोखंडी कपाटात असतील. कितव्या आठवड्यात झाला आणि वजन किती भरलं, एवढं बघून उद्या कळवा.

तुमची,
धाकटी