बुलेट नगरला नेलीस त्याबद्दल

चि. बंडू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तुझा 'पोचलो' एवढा एकच शब्द आला. आईने तो मला तीनदा वाचून दाखवला. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून पत्र लिहितोय. गाडीबद्दल एक अक्षर काढायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

तू म्हणालास, "आबा, मी रणगाडा चालवायला निघालोय आणि तुम्ही मला बुलेटची भीती घालताय." पण रणगाडा तू चालवणार नाहीस रे. तो मी चालवला. ड्रायव्हर खाली लोखंडाच्या पोटात असतो. कमांडर झाकण उघडून, डोकं बाहेर काढून उभा असतो. विजयंता काय, टी-७२ काय, अठरा वर्षं मी खालीच बसलो. वरच्या साहेबाचा फक्त आवाज कानात यायचा. तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक.

शिरूरच्या पुढे कंटेनर कसे अंगावर येतात ते पाहिलंस ना? त्यात उसाचा हंगाम सुरू झालाय. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. असो. ठरवलं होतं ना मी.

तुम्ही आता अहिल्यानगर म्हणता, माझ्या तोंडात नगरच बसलंय. १९८६ साली तिथे मी रंगरूट होतो. रणगाड्यांच्या गोळाबाराचं मैदान ते के. के. रेंज. के. के. म्हणजे कोण्या गोऱ्या साहेबाचं नाव असेल असं आम्हाला वाटायचं. निघालं खारे-कर्जुने गाव! तिथल्या धुळीत आमचे उस्ताद काडीने रेघा ओढून पंजाबातल्या असल उत्तर गावची रणगाड्यांची लढाई शिकवायचे. सप्टेंबर १९६५. डेक्कन हॉर्स रेजिमेंट, तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपल्या अलिबागचे. हाताशी जुने शर्मन आणि समोर पाकिस्तानचे नवेकोरे पॅटन. शेतांत पाणी सोडलेलं, उभ्या उसात आपले रणगाडे दबा धरून बसलेले. पॅटन चिखलात रुतत गेले आणि मार खात गेले. तसला पॅटन नगरच्या टँक म्युझियममध्ये आहे, रविवारी बघून ये. वैद्य साहेबांना महावीर चक्र मिळालं. १९७१ला ते ब्रिगेडियर होते, बसंतर नदीच्या लढाईत सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाडे पार काढले, तेव्हा पुन्हा महावीर चक्र. १९८३ला लष्करप्रमुख. रणगाडेवाला माणूस थेट वर गेला, म्हणून आम्हा पोरांची छाती अशी फुगायची, जसा काही चुलताच आपला.

जानेवारी १९८६ मध्ये ते निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले. १० ऑगस्टला, रविवार होता, आम्ही नळावर कपडे धूत होतो. उस्ताद आले आणि टोपी काढून पायरीवर बसले. वैद्य साहेब बाजारातून घरी चालले होते, मारुती स्वतः चालवत होते, बाईसाहेब शेजारी. मोटरसायकलवरून आलेल्यांनी गाडीशेजारी येऊन गोळ्या घातल्या. १९८४च्या अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईचा सूड. दोन लढायांतून जो माणूस धड आला, तो पुण्याच्या रस्त्यावर गेला. उस्ताद एवढंच म्हणाले, "सडक पे, यार." त्या रात्री लंगरात कोणी धड जेवलं नाही.

त्याचा तुझ्या गाडीशी काय संबंध, असं तू म्हणशील. काही नाही. भाऊचा बूट अजून माळ्यावर आहे, त्याचाही नाही.

बरं, कामाचं सांगतो. हाताखालच्या दफादाराचं ऐकत जा. ड्रायव्हर म्हणाला, "साब, आगे जमीन नरम है," तर तुझ्या खांद्यावर किती तारे आहेत ते मोजू नकोस, खाली उतर आणि बुटाने दाबून बघ. जवानांच्या आधी जेवू नकोस. मेसचं बिल थकवू नकोस. अंधार पडल्यावर गाडी... हे बघ, लेक्चर पुन्हा सुरू झालं. माफ कर. तुला हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं शिकवलंय त्यांनी.

बसंतरला ज्यांना परमवीर चक्र मिळालं, ते खेतरपाल साहेब वैद्य साहेबांच्याच ब्रिगेडमध्ये होते. युद्धाची हाक आली तेव्हा तेही नगरलाच होते, याच तुझ्या वाय.ओ., म्हणजे नव्या अधिकाऱ्यांच्या कोर्सला. उस्ताद सांगायचे, त्यांच्याकडे जावा मोटरसायकल होती, ती त्यांनी रेल्वेत चढवून दिल्लीला घरी नेली. बघ, परमवीर माणूससुद्धा गाडी रेल्वेत घालतो! बसंतरला गेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते, परत आले नाहीत. तुला मागच्या महिन्यात बावीस लागलं. हे लिहायचं नव्हतं. आईला दाखवणार नाही.

डेहराडूनला तुझ्या खांद्यावर तारे लावताना एक आईच्या हातून निसटला आणि मी खाली वाकून तो शोधत राहिलो, आठवतंय? तारा मला लगेच सापडला होता.

पुढच्या शनिवारी एसटीने नगरला येतोय. गाडी रेल्वेत घालू, नाहीतर मीच हळूहळू चालवत घरी आणीन. भांडण नको. गेटवर मला तुला सलाम करावा लागेल, तो करीन.

तुझा,
आबा

ता. क. बुलेटचा मागचा दिवा लागत नाही. तू निघालास तेव्हा गोठ्यातून दिसलं.