बाबा, तो धूर डिझेलचाच असतोय

पुणे, २७ जुलै २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बोलायचं धाडस होईना म्हणून लिहायलोय. तायडीच्या मोबाईलवर पाठवतो, ती प्रिंट काढून आणून देईल. बाबांना बारीक अक्षर दिसत नाही, तर आई तू वाचून दाखव, पण मधलं गाळायचं नाही, तुझी सवय मला माहिती आहे.

मी कंपनीच्या कामाला इंग्लंडला गेलोच नव्हतो. स्वतःच्या पैशानं गेलतो, विमानं बघायला. फेअरफर्ड म्हणून गाव आहे, तिथं त्यांच्या हवाई दलाच्या तळावर दर जुलैत लढाऊ विमानांचा मोठा शो भरतो, जगभरातून विमानं येतेत, आणि त्याच्यासाठी मी तीन वर्षं दिवाळीचा बोनस बाजूला टाकत होतो. फोनवर बाबांनी विचारलं "मग काय दाखवलं रे कंपनीनं" तेव्हा मी म्हणालो "मशीन दाखवल्या". मशीन तर होत्याच म्हणा. पण खोटं ते खोटंच, आणि सगळे मिळून पावणेतीन लाख गेले, तेही सांगून टाकतो म्हणजे आई तुझं एकदाच काय ते बोलून होईल.

जास्त टोचलं ते वेगळंच. बाबा मोतीबिंदूचं ऑपरेशन "बघू दिवाळीनंतर" म्हणून ढकलायलेत आणि मी इकडं पाच हजार मैल जाऊन आभाळाकडं बघत उभा. त्याचं शेवटी लिहितो.

आता शोचं ऐका. १८ आणि १९ जुलैचं तिकीट होतं, शुक्रवार-शनिवार. तिकीट आधीच काढून ठेवावं लागतं, गेटवर मिळत नाही. स्विंडन म्हणून रेल्वेचं जुनं गाव आहे तिथं एका घरगुती लॉजमध्ये राहिलो, खोली एवढी की बॅग उघडली की मी कॉटवर उभा. सकाळी बसनं फेअरफर्ड. वाटेत तळाच्या कुंपणाबाहेर माणसं शिड्या लावून बसलेली, हातात दुर्बीण, कानाला रेडिओ आणि मांडीवर वही. विमान उतरलं की त्याच्या शेपटीवरचा नंबर वहीत. सत्तर-पंचाहत्तरची म्हातारी माणसं बाबा, सोबत बायका थर्मास घेऊन स्वेटर विणत बसलेल्या, पाऊस येऊ का नको करायला अन् ह्यांचं नंबर लिहिणं चालूच. आषाढी होऊन बारा दिवस झालते, मला वारीच आठवली, फक्त टाळ नाही.

आत तीन किलोमीटरचा रनवे आणि त्याच्या कडेनं विमानंच विमानं, चालून चालून पाय गेले. १९६९ ला इंग्रजांचं पहिलं काँकर्ड, ते आवाजापेक्षा जोरात जाणारं प्रवासी विमान, ब्रिस्टलजवळून पहिल्यांदा उडालं ते ह्याच रनवेवर येऊन उतरलं होतं. आणि अमेरिकेची ती भलीमोठी आठ इंजिनांची बी-५२ इराकवर बॉम्ब टाकायला इथूनच उडायची, १९९१ ला पण आणि २००३ ला पण. आई तू म्हणशील एवढी हौसेनं बघायला काय ती देवाची रथं आहेत का. नाहीत. मला पण तिथं मधूनच वाटायचं की लेकरांना खांद्यावर बसवून आपण नक्की काय दाखवायलोय. पण आवाज आला की मान वर जायचीच, काय करणार.

आवाज म्हणजे काय सांगू. टायफून म्हणून त्यांचं दोन इंजिनांचं विमान आहे, ते आफ्टरबर्नर लावून उभं चढलं तेव्हा छातीच्या बरगड्या वाजल्या. बाबा, आफ्टरबर्नर म्हणजे असं की इंजिनातून जळून मागं जी गरम हवा निघती ना, तिच्यात अजून जास्तीचं तेल फवारायचं आणि ते परत पेटवायचं, त्यानं जोर वाढतो पण तेल भसाभसा जातंय. तुमच्या डिपोच्या भाषेत अॅव्हरेज काढायचंच नाही. कानात घालायचे बोळे मी लॉजवर विसरलो होतो, शेवटी रुमालाचे कोपरे कोंबले.

आणि वास! सगळ्या तळावर जळलेल्या रॉकेलचा वास. जेटचं तेल म्हणजे शेवटी रॉकेलचाच प्रकार. तो वास आला आणि मी सरळ बिदरला पोचलो.

तुम्हाला आठवतंय का बाबा? मी सातवीत होतो. ट्यूशनला दांडी मारून गच्चीवर बसायचो, कारण बिदरच्या तळावरची शिकाऊ विमानं उदगीरवरून जायची, किरण होती ती तेव्हा. तुम्ही पकडलं, "वर काय बघूलालास" म्हणून एक ठेवून दिली, ती बसली पण चांगली. आणि मग दोन रविवारांनी काही न बोलता तुम्ही मला बिदरच्या गाडीत बसवलं. तळाच्या बाहेर रस्त्याकडेला आपण दोघं दुपारभर उभे, तुम्ही पेरू घेतले मीठ लावून. तीन विमानं एकाच्या मागं एक उतरली. तुम्ही वर बघितलंच नाही, नाक वर करून म्हणालात "रॉकेल जळूलालंय की रं". तेवढंच. येताना गाडी वाटेत बंद पडली, ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसला, डिझेलच्या लाईनीत हवा धरलती. सुट्टीचा दिवस, अंगात पांढरा शर्ट, तरी तुम्ही खाली वाकून हवा काढली, गळत होतं तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, आणि गाडी उदगीरला आणली. आईनं शर्टावरून किती ऐकवलं होतं.

तर आता रेड ॲरोज. इंग्रजांचा कसरतीचा जत्था, नऊ लाल विमानं, १९६४ ला सुरू झालेला. आधी त्यांच्याकडं नॅट विमानं होती, तीच नॅट जिनं आपल्या हवाई दलात ६५ च्या लढाईत पाकिस्तानची सेबर विमानं पाडली. नंतर १९८० पासून हॉक आली. आणि हॉक म्हणजे आपल्या बिदरला आता जी आहेत तीच जात, आपल्या हवाई दलाच्या कसरतीच्या सूर्यकिरणवाल्यांची पण हॉकच, बंगलोरला बनवलेली. म्हणजे एवढा खर्च करून मी जे बघायला गेलो ते उदगीरच्या गच्चीवरून फुकट दिसतंय, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण नऊच्या नऊ एका पतंगीच्या आकारात डोक्यावरून गेली, मागं लाल-पांढरा-निळा धूर, आणि शेजारचा एक माणूस ज्यानं दिवसभर तोंड उघडलं नव्हतं तो एकदम "ओहो" म्हणाला, तर अंगावर काटा आला माझ्या.

आणि बाबा तो धूर कशाचा माहितीय का? डिझेलचा! आपल्या गाड्यांत घालतेत तेच साधं डिझेल. विमानाच्या पोटाखाली टाकी असते, तिच्यातून मागच्या गरम झोतात डिझेल सोडायचं, त्याची वाफ होऊन पांढरा धूर. लाल-निळा पाहिजे तर डिझेलमध्ये रंग मिसळायचा. मला तिथं एवढं हसू आलं, तुम्ही जन्मभर गाडी धूर मारायली म्हणून नोझल बदलत बसलात, आणि हे लोक मुद्दाम धूर काढतेत आणि लोकं टाळ्या वाजवतेत.

इंग्रजांचं ते एफ-३५ लढाऊ विमान पण गंमतच. १४ जूनपासून एक तिरुअनंतपुरमला बंद पडून होतं ना, तुम्हीच टीव्हीवर बघून म्हणला होतात की ब्रेकडाऊन व्हॅन पाठवा म्हणावं. हायड्रॉलिकचा बिघाड. तिथं मला भारतीय बघून तिघाचौघांनी विचारलं, आमचं विमान कसं आहे, पार्किंगचे पैसे किती झाले. मी म्हणालो पाऊस चालू आहे, धुऊन निघतंय. मी २२ ला परत निघालो आणि त्याच दिवशी ते पण तिथून उडालं.

पाकिस्तानचं जेएफ-१७ लढाऊ विमान पण होतं. मे महिन्यात आपली आणि त्यांची जी लढाई झाली त्याच्यानंतर त्याच्यासमोर उभं राहताना विचित्र वाटलं, खरं सांगतो. तिथं एक पाकिस्तानी पोरगा होता, इंग्लंडमध्येच जन्मलेला, त्यानं माझी हिंदी ऐकून विचारलं "हैदराबाद से हो?" आपली उदगीरची "कायकू-नको" वाली हिंदी ना, कुणालाही तसंच वाटतं. दोघांनी एकमेकांचे फोटो काढून दिले. लढाईबद्दल तो काही बोलला नाही, मी पण नाही. चहा कुठं मिळतो तेवढं विचारलं त्यानं.

शनिवारी पावसानं धुतलं. छत्री वाऱ्यानं उलटी झाली, बुटात पाणी. २००८ ला तर म्हणे मैदानात एवढं पाणी साचलं की सगळा शोच रद्द केला होता. आपल्याकडं पावसासाठी आभाळाकडं बघत बसायचं आणि इथं तो जावा म्हणून बघायचं. आई, तुझे धपाटे तेव्हा कामाला आले. तूप तेवढं मी विमानतळावर जायच्या आधीच मित्राकडं ठेवलं होतं, तिकडं दुधाचं काही न्यायला चालत नाही. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, पावसात प्लास्टिकच्या कागदाखाली बसून. शेजारच्या म्हातारीला एक दिला, तिनं तिखट म्हणून डोळ्यात पाणी आणलं आणि दुसरा मागितला.

आता खरं ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. २१ तारखेला मी दोन-तीन रेल्वे बदलून कॉसफर्डला गेलो, तिथं हवाई दलाचं म्युझियम आहे, आत जायला पैसे नाहीत. अणुबॉम्ब न्यायला बनवलेली इंग्रजांची तिन्ही विमानं, व्हल्कन, व्हिक्टर आणि व्हॅलियंट, एकत्र फक्त तिथंच आहेत. एक लाइटनिंग नावाचं लढाऊ विमान तर छताला उभं टांगलंय नाक वर करून. हे सगळं बघून झालं, पण त्या हवाई दलाच्या म्युझियमच्याच एका हँगरमध्ये मी थांबलो ते तासभर हललोच नाही. तिथं लिबरेटर उभं आहे, चार इंजिनांचं जुनं बॉम्बर, अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात बनलेलं. आणि ते आपलं आहे बाबा. म्हणजे आपल्या हवाई दलानं १९७४ ला त्यांना भेट दिलेलं, भारतातून उडत गेलेलं.

ह्याची कथा अशी. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरला अशी कितीतरी लिबरेटर उभी होती. अमेरिकेनं इंग्रजांना उधारीवर दिलेली. परत पाठवायची नव्हती आणि दुसऱ्या कुणाच्या कामाला येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी जाताना ती मोडून तोडून भंगारात टाकली. मग स्वातंत्र्य मिळालं, आपल्याकडं लांब पल्ल्याचं बॉम्बर एक नाही, घ्यायला पैसे नाहीत. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी कानपूरच्या त्या ढिगाऱ्यात हात घातला. ह्याचं त्याला जोडून, उडण्यापुरतं ठीक करून, बंगलोरपर्यंत उडवत नेली, तिथं नीट दुरुस्त केली. अशी चाळीसेक विमानं! १९४८ ला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली आणि १९६८ पर्यंत ती उडत होती. ज्यांनी मोडून टाकली त्यांना शेवटी त्यांच्या म्युझियमसाठी चालू विमान आपल्याकडून घ्यावं लागलं.

मी त्या इंजिनाखाली उभा राहून विचार करत होतो की कानपूरच्या उन्हात कुणीतरी पाना घेऊन ह्याच्याखाली पडला असंल, त्याचं नाव काही तिथं लिहिलेलं नाही. आणि मला तो पांढरा शर्टच दिसायला लागला. तुम्ही डिपोत निकाली काढलेल्या गाडीचा गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीला बसवून लातूर फेरी वेळेवर सोडायचात ना. घरी येऊन कधी बोलला नाहीत, मला ते तुमच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमात दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. तर तिथं उभं राहून तुम्हाला फोन लावलता. इकडं रात्र झाली होती, तुम्ही उचलला आणि म्हणालात "काय रं, पैशे संपले का". मी म्हणालो नाही, असंच. आणि ठेवला.

तर ऑपरेशनचं. लातूरला दवाखान्यात बोलून घेतलंय, ११ ऑगस्टची तारीख आहे, आदल्या दिवशी मी येतो, पैसे भरलेत, आता नाही म्हणायचं नाही. एक डोळा आधी, दुसरा महिन्यानं. फोटो मी कुणाच्याच मोबाईलवर पाठवणार नाही, तुमचा डोळा उघडला की लॅपटॉपवर मोठे करून दाखवतो, लिबरेटरच्या इंजिनाचे एकट्याचे चाळीस आहेत. त्यात एका ठिकाणी एक पाईप मला कळलेला नाही कशाचा आहे ते, तुम्ही बघून सांगा.

आणि आई, धपाट्याचा तो स्टीलचा डबा, तुझ्या माहेरचं नाव कोरलेला, फेअरफर्डच्या बसमध्ये राहिला. मी चौकशी केली, नाही सापडला. आधी सांगितलं असतं तर तू बाकीचं पत्र वाचलंच नसतं म्हणून शेवटी लिहिलंय.

तुमचा,
बंटी