दिशादर्शक प्रकल्प : शनिवारी देवगिरीला चाचणी

मंडळी, शनिवारी सकाळी नऊला देवगिरी किल्ल्याच्या तिकीटखिडकीशी जमायचं. भविष्यातलं दिशादर्शक यंत्र मोकळ्या मैदानात कुणीही चालवून दाखवेल. आपली परीक्षा अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेत. जागा ठरवायला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. कातळाखाली जीपीएस काय नि भारताची नाविक उपग्रह-यंत्रणा काय, दोन्ही मुके. म्हणून मनगटी पट्ट्यात जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सिलरोमीटर हे वळण नि हालचाल टिपणारे संवेदक हवेतच. पावलं-वळणं मोजून तो अंदाज बांधेल. त्यात चूक साठत जाते, तेव्हा प्रत्येक वळणावर नोंद घ्या. पट्ट्याला स्क्रीन नको, डावी-उजवी थरथर पुरे. (हवेत त्रिमितीय चित्र, म्हणजे होलोग्राम, दाखवू म्हणणाऱ्यांनी आधी बॅटरीचा हिशेब आणावा.) टॉर्च, पाणी सोबत घ्या, वटवाघळांवर उजेड मारू नका. यंत्राची रेखाटनं शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका.