झोपलेला बोर्ड किती खातो, ते आधी मोजा

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत पानांवरचा आणि मातीतला ओलावा मोजणाऱ्या पेट्या लागतात. डाऊनी म्हणजे केवडा रोगाची धास्ती कोवळ्या फुटीपासून मणी धरेपर्यंत सर्वांत जास्त, आणि तीन आठवड्यांत पेटी मुकी झाली तर ती नेमकी याच दिवसांत. मग सेलला शिव्या बसतात. सेलचा बिचाऱ्याचा दोष क्वचितच असतो.

या पेट्यांचा मेंदू असलेली ईएसपी३२ चिप दोन मोजमापांच्या मध्ये डीप स्लीपमध्ये म्हणजे गाढ झोपेत, फक्त उठवणारा टायमर चालू ठेवून, साधारण १० मायक्रोॲम्पिअर घेते. पण हा आकडा नुसत्या चिपचा. ही चिप बसवलेल्या स्वस्त तयार (डेव्हलपमेंट) बोर्डावर सेलचे व्होल्टेज चिपला झेपेल इतके खाली आणणारा एएमएस१११७ रेग्युलेटर असतो; तो काही काम नसतानाही ५ मिलिॲम्पिअरच्या आसपास खातो, म्हणजे चिपच्या पाचशेपट! पॉवरचा एलईडी आणि यूएसबीची चिप त्याखेरीज. दर १५ मिनिटांनी २ सेकंद जागून ८० मिलिॲम्पिअर घेतले, तर त्याची सरासरी ०.१८ मिलिॲम्पिअर पडते. २६०० एमएएच (मिलिॲम्पिअर-तास) क्षमतेचा सेल या हिशेबाने कागदावर दीड वर्ष पुरतो. त्यात रेग्युलेटरचे ५ मिलिॲम्पिअर मिळवा, २१ दिवस उरतात. कोडमध्ये कितीही डोके घातले तरी हे ५ कमी होत नाहीत.

उपाय सोल्डरिंगचा आहे. एलईडी काढा. रेग्युलेटरच्या जागी एचटी७३३३ किंवा एमसीपी१७०० बसवा. हे काही मायक्रोॲम्पिअरवर भागवतात. मात्र त्यांची क्षमता २५० मिलिॲम्पिअर, आणि वायफाय पाठवताना चिप क्षणभर २४० पर्यंत उसळते. चिपला लागून क्षणभराची वीज साठवणारा मोठा कपॅसिटर नसेल तर व्होल्टेज कोसळून बोर्ड पुन्हा पुन्हा रिसेट होतो, आणि प्रत्येक रिसेटला सेल आणखी रिकामा होतो. आम्हाला त्याहून बरा वाटतो तो लिथियम फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा सेल. तो रेग्युलेटरशिवाय थेट जोडता येतो. चार्ज करताना तेवढा बोर्डापासून सोडवावा, कारण चार्जर ३.६५ व्होल्टपर्यंत जातो आणि चिपची मर्यादा ३.६ आहे.

बोर्ड झोपला की सेन्सरचा पुरवठा पी-चॅनल मॉसफेटने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचने, तोडावा. इथे एक चूक वारंवार दिसते: पुरवठा तोडला, पण आयटूसीचे, म्हणजे चिप आणि सेन्सर यांच्यातल्या संदेशाच्या तारांचे, व्होल्टेज वर धरणारे पुल-अप रेझिस्टर कायम चालू असलेल्या ३.३ व्होल्टवरच राहिले. मग त्या तारांतूनच सेन्सरला चोरून वीज मिळत राहते. पुल-अप मॉसफेटच्या पलीकडे, सेन्सरच्या बाजूला घ्या. सेलचे व्होल्टेज मोजायला लावलेले १० किलोओहमचे दोन रेझिस्टरही ४.२ व्होल्टच्या सेलवर अखंड २१० मायक्रोॲम्पिअर ओढतात. ईएसपी३२ऐवजी एटीमेगा३२८पी चिप वापरणाऱ्यांनी ती झोपण्याआधी तिच्यातला व्होल्टेज मोजणारा भाग (एडीसी) बंद करावा आणि एकही इनपुट पिन कशालाही न जोडता अधांतरी ठेवू नये.

मोजताना मल्टिमीटर मायक्रोॲम्पिअरवर ठेवून बोर्ड सुरू केला, तर मीटरच्या आतल्या रेझिस्टरमध्येच व्होल्टेज पडते आणि बोर्ड सुरूच होत नाही. सेलच्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याला समांतर एक स्विच लावा. स्विच चालू ठेवून बोर्ड झोपू द्या, मग स्विच उघडा. रेझिस्टरवर २० मिलिव्होल्ट म्हणजे २० मायक्रोॲम्पिअर. बोर्ड जागा व्हायच्या आत स्विच पुन्हा चालू करा. पेटी दोन-चार रात्री बागेतल्या दवात ठेवून हेच मोजमाप परत घ्या. आकडा वाढला असेल तर बोर्डावर ओल धरली आहे. बोर्ड धुऊन, सुकवून त्यावर ओल रोखणारे कोटिंग मारा.

पेटी विकणाऱ्यांना आमची विनंती आहे की सेलच्या एमएएचशेजारी संपूर्ण पेटीचा झोपेतला प्रवाहही मायक्रोॲम्पिअरमध्ये छापावा. आणि अभियांत्रिकीच्या परीक्षकांनी प्रोजेक्ट तपासताना हा आकडा मुलांकडून समोर मोजून घ्यावा.

आपले,
इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील काही अभियंते, सातपूर, नाशिक