शहीद द्वीपावरील आमच्या वाटाड्या दादांना आभारपत्र

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

अंदमानातील शहीद द्वीपावर, म्हणजे 2018 पर्यंतच्या नील बेटावर, भरतीची रेषा आणि झाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी आपण आम्हाला ज्या आस्थेने दाखवलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्याकडे मराठी पर्यटक पुष्कळ येतात, म्हणून हे पत्र मुद्दाम मराठीत आणि सर्वांसाठी खुले लिहीत आहे.

किनाऱ्याच्या वाळूवर पसरणारी मर्यादवेल कोकणामुळे आमच्या ओळखीची होती. परंतु तापलेल्या वाळूत ती पेरापेराशी मुळे धरते, वाळू रोखून ठेवते आणि मग तिच्या मागे केवडा, उंडी, भेंडी (भाजीची नव्हे, किनाऱ्यावरचे झाड) यांचा जम बसतो, हा क्रम आपण जागोजागी थांबून उलगडून दाखवलात. सर्वांत जास्त वेळ आपण समुद्रफळाच्या कुळातल्या बॅरिंगटोनिया या झाडाखाली दिलात, आणि ते योग्यच होते. पांढऱ्या, टोकाशी गुलाबी तंतूंचे झुबके असलेली त्याची फुले रात्री उमलतात, वटवाघळे आणि पतंग त्यांच्याकडे येतात व उजाडताना ती वाळूवर गळून पडतात. त्याचे चौकोनी फळ हातात घेतल्यावर ते किती हलके आहे ते कळले. काथ्यासारख्या जाड सालीमुळे ते महिनोन्‌महिने तरंगत दुसऱ्या बेटाला लागू शकते. बी विषारी असते, हेही आपण मुलांना वेळीच बजावलेत.

शंखातल्या खेकड्याविषयी आपण सांगितलेले मला सर्वांत मोलाचे वाटते. पोट मऊ असल्यामुळे तो गोगलगाईचा रिकामा शंख अंगावर वागवतो आणि अंग वाढले की त्याला मोठा शंख शोधावाच लागतो. आमच्या समोर एकाने रिकाम्या शंखाच्या तोंडात नांगी घालून आतली जागा चाचपली, शंख फिरवून पाहिला आणि पापणी लवते न लवते तोच जुन्यातून निघून नव्यात शिरला. (त्याचाच भाऊबंद, 4 किलोंपर्यंत वाढणारा नारळखेकडा, मोठेपणी शंखाशिवाय राहतो, ही माहिती मुले अजून सर्वांना सांगत असतात.) आठवण म्हणून उचललेल्या प्रत्येक शंखाने अशा एखाद्या जिवाचे घर हिरावले जाते, हे पर्यटकांना बोटीतून उतरतानाच सांगितले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या शाळेतील दोन शिक्षिका दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब आपल्याकडे येत आहेत. बॅरिंगटोनियाला बहर असेल, तर त्यांना रात्रीच तिथे न्यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
रत्नागिरीची एक शिक्षिका