सप्टेंबरातली टील

ह्यूस्टन,
सप्टेंबरअखेर

प्रिय अनिरुद्ध यास,
सप्रेम नमस्कार.

नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या मनोऱ्यावर दुर्बीण लावून बदके ओळखायला शिकलेल्या माणसाने हाती बंदूक कशी घेतली, हा तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे मला शोभणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने व १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा विषयच संपवला, ते उत्तमच झाले. इथे टेक्सासात मात्र परवाना, मुदत आणि मर्यादा यांच्या चौकटीत ती चालते. तुला पटवण्याचा माझा हट्ट नाही. एवढेच सांगतो, की सप्टेंबरातल्या शिकारीत नेमापेक्षा नजरेचीच परीक्षा अधिक होते.

निळ्या पंखांची टील हे छोटेसे बदक म्हणजे फार लवकर निघणारी पाहुणी. उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून ती ऑगस्टपासूनच दक्षिणेची वाट धरते आणि मध्य व दक्षिण अमेरिकेपर्यंत जाते. बाकीची बदके थंडी घेऊन येतात तोवर बहुतेक टील पुढे निघून गेलेल्या असतात. म्हणून त्यांच्यासाठी सप्टेंबरात छोटा वेगळा हंगाम ठेवला आहे, माणशी दिवसाला सहा पक्षी, आणि टीलखेरीज दुसऱ्या कोणत्याही बदकाला हात लावायचा नाही. अडचण अशी, की नराच्या चेहऱ्यावरची पांढरी चंद्रकोर या दिवसांत नसते, नरमादी सारखेच तपकिरी दिसतात. थापट्या या रुंद चोचीच्या बदकाच्या खांद्यावरही तोच फिकट निळा पट्टा असतो, शिवाय इथे बारमाही राहणारे एक ठिपकेदार तपकिरी बदक आहे, आणि आपल्याकडच्या अडई बदकाचे भाऊबंद शीळ घालत डोक्यावरून जातात ते निराळेच.

आम्ही तिघे आणि डेझी नावाची काळी लॅब्रॅडॉर असे ह्यूस्टनच्या पूर्वेकडच्या अनाहुआकच्या पाणथळीत गेलो होतो. गुडघाभर चिखल, अंगाला चिकटणारा उकाडा आणि डासांचे ढग. थंडीतल्या शिकारीचे फोटो पाहून इकडे येणाऱ्याची निराशा ठरलेली. गवताच्या लपणासमोर दहा-बारा नकली बदके सोडून आम्ही बसलो. कायदा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून मुभा देतो, पण पंखाचा रंग दिसेपर्यंत बार काढायचा नाही असा आमच्यातल्या वडीलधाऱ्याचा दंडक आहे, आणि मला तो कायद्याहून शहाणा वाटतो. टीलचा थवा पाण्याला घासून येतो, एकदम सगळा मिळून वळतो आणि कापड टर्रकन फाटावे तसा आवाज करीत निघूनही जातो. पहिला थवा आम्ही तसाच जाऊ दिला. दुसऱ्यात लांबरुंद चोच दिसताच कुणीतरी हळूच "थांबा" म्हणाले. ते थापटे होते.

पुढे एक टील पडली ती उंच गवतात, आम्हा तिघांनाही दिसेनाशी झाली. पडलेला पक्षी शोधण्याचा मनापासून प्रयत्न करणे इथे कायद्यानेच बंधनकारक आहे, पण त्या गवतात माणसाचे काय चालणार? डेझीचा मालक आधी कडेच्या चरात मगर नाही ना, हे बराच वेळ न्याहाळत उभा राहिला. या दिवसांत पाणी ऊबदार असते आणि मगरी हिंडत्या असतात. मग त्याने तिला वाऱ्याच्या खालच्या बाजूने सोडले. ती नाक वर करून आडवी-तिडवी फिरली, एकदा चुकून पुढे गेली, परतली आणि गवतात घुसली. बाहेर आली तेव्हा टील तिच्या तोंडात अशी अलगद होती की एक पीसही दुमडले नव्हते. मी पंख उलगडून पाहिला: खांद्यावर खडूसारखा फिकट निळा, मागे हिरव्या पिसांची चमक, आणि पाय पिवळसर. उकाड्यात कुत्र्याला लवकर धाप लागते, म्हणून तिला तिथेच पाणी पाजून सावलीत बसवले आणि मर्यादा पुरी होण्याआधीच उठलो.

घरी पोहोचेपर्यंत प्रत्येक पक्ष्याचा एक पंख किंवा डोके पिसांसकट शाबूत ठेवावे लागते, तपासणीत जात ओळखता यावी म्हणून. छरेही शिशाचे चालत नाहीत, बदकांच्या शिकारीत १९९१ पासून देशभर त्यांना बंदी आहे. तळ्याच्या तळाशी पडलेले शिसे टिपून बदके मरत होती.

हिने कोल्हापुरी रस्सा करायचा बेत केला होता, पण हे मांस फार शिजवले की कलेजीसारखे चिवट होते. त्यामुळे मीठ-मिरी लावून कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम परतले आणि रस्सा कोंबडीचाच झाला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत