फेस आला म्हणजे घाण निघाली, असं नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कुत्र्यांची खेळणी नैसर्गिक, घरगुती वस्तूंनी धुण्याची कृती वाचली. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करा, त्यात टी ट्री तेलाचे चार थेंब टाका, खेळणी अर्धा तास भिजवा आणि काढून वाळवा. आमच्याकडे पुरवणी माझ्याआधी नातीच्या हाती लागते. मी आंघोळ उरकून बाहेर येईपर्यंत बादलीत फेस उसळत होता आणि ठमी (आमची कुत्री, वय वर्षं आठ) आपल्या रबरी बेडकाला जलसमाधी मिळाल्यासारखं तोंड करून शेजारी बसली होती. नात म्हणाली, "आजोबा, बघा कशी घाण निघतेय!"

घाण निघत नव्हती. कार्बन डायऑक्साइड निघत होता.

एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत मी ३४ वर्षं साहाय्यक होतो. शिकवायचं काम प्राध्यापकांचं. माझं काम मुलांनी बरबटवलेली चंचुपात्रं आणि परीक्षानळ्या दुसऱ्या दिवशीच्या तासाला लख्ख करून ठेवण्याचं. त्यामुळे रसायनशास्त्रातलं मला जे काही कळतं, ते मोरीच्या बाजूने कळतं. त्या अनुभवाच्या जोरावर हे पत्र लिहितो आहे.

आधी फेसाबद्दल. व्हिनेगर हे आम्ल, सोडा अल्कली. दोघे एकत्र आले की एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक निरुपद्रवी मीठ. घरातलं व्हिनेगर साधारण ५ टक्क्यांचं असतं. त्याच्या १०० मिलिलिटरला मारून टाकायला ७ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे जेमतेम दीड चमचा. नातीने सोडा वाटीने ओतला होता. फेस बसल्यावर बादलीत उरलं होतं ते बहुतांशी खारट पाणी आणि तळाशी न विरघळलेला सोडा. तुंबलेल्या नळीत त्या बुडबुड्यांचा थोडा धक्का बसत असेल, पण बेडकाच्या पाठीवरची बुळबुळ त्याने हलत नाही.

दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या वेळी. सोड्याची ओलसर लुकणी करून बोटाने किंवा मऊ ब्रशने घासली तर ती बारीक रेतीसारखी चालते, रबरावर चरे पाडत नाही आणि आंबूस वास ओढून घेते. व्हिनेगर पाण्यात निम्मेनिम करून वापरलं तर जड पाण्याचे पांढरे डाग आणि कुबट वास जातो. आधी सोडा, मग स्वच्छ पाणी, मग हवं तर व्हिनेगर, मग परत स्वच्छ पाणी. एवढा क्रम पाळला की दोघांचेही पैसे वसूल.

आता त्या चार थेंबांबद्दल, कारण पत्र लिहायला बसलो ते खरं त्यासाठी. टी ट्री तेल ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांतून काढतात, तेव्हा ते नैसर्गिक आहे यात वाद नाही. पण कुत्र्याच्या पोटात किंवा अंगावर ते पुरेशा प्रमाणात गेलं तर लाळ गळते, अंग थरथरतं, चाल लटपटते, मागचे पाय लुळे पडल्यासारखे होतात. माणूस हे तेल पुसून टाकतो. कुत्रं ते खेळणं तोंडात धरून तासभर चघळतं. पुरवणीतल्या कृतीत तर भिजवल्यानंतर विसळायलाही सांगितलेलं नाही! तेल पाण्यात मिसळत नाही, ते तरंगतं आणि खेळणं बाहेर काढताना नेमकं त्याच्या अंगाला चिकटून येतं. चार थेंब बादलीभर पाण्यात विरले, असं लेखिकेने गृहीत धरलं असावं. ते विरत नाहीत.

मला हे कळलं ते माझ्याच चुकीमुळे. ठमी वर्षाची असताना मी तिचा पोकळ रबरी डमरू फरशी पुसायच्या द्रावणात बुडवून ठेवला होता. बाटलीवर पाइनच्या झाडाचं चित्र होतं आणि 'नैसर्गिक' असं ठळक लिहिलेलं. वरवर धुऊन मी तो तिला दिला. अर्ध्या तासात तोंडाला फेस आणि दोन उलट्या. पशुवैद्यांना फोन केला तर ते म्हणाले, तुमच्या मनाने आणखी उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन या. बाटलीमागचा बारीक मजकूर त्यांनी भिंग लावून वाचला आणि एकच प्रश्न विचारला: "प्रयोगशाळेत न वाचता बाटली उघडायचात का?" ठमी संध्याकाळपर्यंत सावरली. मी तो प्रश्न अजून विसरलेलो नाही.

फिनाइलही त्याच यादीतलं. लिंबाच्या सालीचं तेलही तसंच. लिंबाचा रस पाण्यात पिळून कोणी खेळणं पुसलं आणि विसळलं तर बिघडत नाही, पण सालं घालून उकळलेल्या पाण्यात ते मुरवू नये. आणि खुद्द सोडा किंवा मीठसुद्धा कुत्र्याने मूठभर खाल्लं तर ते दवाखान्याचं काम आहे. म्हणून डबा उघडा ठेवून दार वाजलं म्हणून उठून जाऊ नये.

मग धुवायचं कसं? खेळण्यावर बसते ती नुसती धूळ नसते. लाळेतली प्रथिनं आणि जंतू मिळून एक चिवट थर धरतात. हात लावला की बुळबुळीत लागतो तोच. पाण्याच्या भांड्याच्या तळाशीही तो सापडतो. या थरावर काहीही ओतलं तरी ते वरून निघून जातं, आतल्या जंतूंपर्यंत पोचत नाही. त्याला घासूनच उखडावं लागतं. प्रयोगशाळेत आमचा पहिला नियम होता, की प्रथिनं लागलेलं भांडं आधी गार पाण्याने धुवायचं. थेट कढत पाणी ओतलं तर अंड्याचा बलक जसा थाळीला धरतो तसा तो थर धरून बसतो. घरी माणसं नेमकं उलटं करतात. गार पाणी, मग कोमट पाणी आणि भांड्यांचा बिनवासाचा साधा साबण, मग घासणं. पोकळ खेळण्यात आत अडकलेला खाऊ वास मारतो, तिथे बाटल्या धुवायचा लांब ब्रश लागतो. त्याशिवाय पर्याय नाही. आमच्या डमरूसाठी मी परीक्षानळीचा जुना ब्रश वापरतो (निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी चेष्टेने दिलेला).

घासायला वापरतो ती घासणीही बघावी. अमेरिकेतल्या एनएसएफ या सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेने २०११ साली घरांमधल्या ३० वस्तूंवरचे जंतू तपासले. पाळीव प्राण्यांची भांडी आणि खेळणी दोन्ही पहिल्या दहांत होती. पहिला क्रमांक मात्र स्वयंपाकघरातल्या भांडी घासायच्या स्पंजने पटकावला. म्हणजे त्या स्पंजने बेडूक घासणं हा स्पंजचा सन्मान आणि बेडकाचा अपमान. खेळण्यांचा ब्रश वेगळाच असावा.

साबण गेला की नाही हे कसं ओळखायचं? काचेचं आम्ही असं बघायचो, की स्वच्छ काचेवरून पाणी एकसंध पडद्यासारखं ओघळतं आणि थेंब थांबले तर भांडं परत मोरीत. रबरावर ही परीक्षा चालत नाही, रबर स्वतःच पाणी झटकतं. तिथे हाताचा अंगठाच. घसटलं की रबर कुरकुर वाजलं पाहिजे. गुळगुळीत सरकलं तर आणखी एकदा विसळा.

दोरीच्या खेळण्याचं दुखणं निराळं. ती वेणी आतून दोन दिवस ओली राहते, म्हणून धुण्यापेक्षा तिचं वाळणं अवघड. मी ती दहा मिनिटं उकळतो, पिळतो आणि कडक उन्हात टांगतो. धागे सुटायला लागले की तिला निरोप. कुत्र्याने लांब धागा गिळला आणि त्याचं एक टोक कुठे अडकलं, तर आतडं त्या धाग्यावर गोळा होतं. नाडी ओढल्यावर जशा चुण्या पडतात, अगदी तसं. मग शस्त्रक्रियेशिवाय ते सुटत नाही. कापडी ससा (ठमीच्या कृपेने आता एककानी) यंत्रात गरम पाण्यात जातो, पण कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव त्यात घालत नाही, ते कपड्यात राहतं आणि चघळताना पोटात जातं. पिपाणीच्या खेळण्यांत भोकातून पाणी शिरतं. दाबून दाबून काढावं, आणि काळपट पाणी आलं तर ते खेळणं वाचवण्याच्या भरीस पडू नये. ऊन सगळ्यांना चांगलं, फक्त रबर महिनोन्महिने उन्हात ठेवलं तर तडकतं.

आणखी एक गोष्ट लेखात राहिली. व्हिनेगरने सगळे जंतू मरत नाहीत. कुत्र्यांना जीवघेणे जुलाब लावणारा पार्वोसारखा विषाणू त्याला दाद देत नाही. घरात पिल्लू त्याने आजारी असेल तर कापडी आणि दोरीची खेळणी टाकूनच द्यावीत. कडक रबराची आधी घासून धुवावीत, मग पातळ ब्लीचमध्ये (एक भाग ब्लीच, ३० भाग पाणी) दहा मिनिटं बुडवून पुन्हा पुन्हा विसळावीत आणि पूर्ण वाळू द्यावीत. ही पाळी आली तर व्हिनेगरची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवावी. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडला तोच. आमच्याकडे तो तयार करायचा प्रयोग धुराच्या कपाटातच (विषारी वायू बाहेर ओढून नेणाऱ्या बंद कपाटात) व्हायचा, आणि तरी एकदा मला दोन दिवस खोकला पुरला. बंद न्हाणीघरात, खाली वाकून, नाकाजवळ बादली धरून हा प्रयोग कोणी करू नये.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या पुरवणीत टी ट्री तेलाची ओळ मागे घेतल्याचं छोट्या चौकटीत का होईना, पण छापा. विसळण्याचा उल्लेखही जोडा. लेख कात्रण करून ठेवणारे वाचक असतात. आमच्याच घरात शीतकपाटाच्या दारावर तो चुंबकाने लावला होता. नातीने त्यातल्या तेलाच्या ओळीवर आता लाल पेनाने काट मारली आहे. बेडूक तीनदा विसळून दोरीवर टांगलाय आणि ठमी त्याच्या खाली बसून पाण्याचे थेंब मोजते आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक